घरची गाडी : मिरवायला की शिकायला?



उसाचं बिल जमा झालं, कांद्याला बरा भाव लागला, किंवा रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला खात्यावर पडला, की घरात गाडीचा विषय निघतोच. त्यात गैर काही नाही. रात्री-अपरात्री म्हाताऱ्याला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं तर दुसऱ्याच्या दारात जाऊन किल्ली मागायची वेळ कुणावर येऊ नये. पण गाडी ठरवायला घरात बैठक बसते तेव्हा काय होतं ते आठवून पाहा. मालक किंमत विचारतो, पाहुणे मायलेज सांगतात, आणि सतरा-अठरा वर्षांचा पोरगा मोबाईलवर उंच, काळी, रुंद टायरची गाडी दाखवून म्हणतो, "घ्यायची तर हीच." शेवटी पोराचंच खरं होतं. गाडी दारात येते, हार पडतो, पेढे वाटले जातात. आणि त्या गाडीवर शिकणार कोण? तोच पोरगा. त्याच्या हाताला ही गाडी झेपेल का, हा प्रश्न बैठकीत कुणी काढलेलाच नसतो.

माझं काम बियाण्याचं, खताचं, फवारणीचं. गाडीचा सल्ला देणारा मी कोण, असं कुणी म्हणेल. पण महिन्यातले वीस दिवस मी गावोगावच्या रस्त्यांवर असतो. पाणंदीतून मुख्य रस्त्यावर गाडी कशी येते, समोर कोण बसलेलं असतं, हे रोज पाहतो. देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसं गेली, हा केंद्र सरकारचा आकडा आहे. एवढ्या वस्तीचं एक शहर वर्षात नाहीसं झालं, असंच म्हणायचं. म्हणून आज पिकाचा विषय बाजूला ठेवून हे लिहितो आहे.

गोऱ्हा शिकवताना आपण काय करतो?

नवा गोऱ्हा कामाला लावायचा तर जाणता माणूस त्याला पहिल्याच दिवशी उसाच्या भरल्या गाडीला जुंपत नाही. आधी जुन्या, शांत बैलाच्या जोडीला लावतो. मागे हलकं ओझं देतो. मोकळ्या रानात फिरवतो. अंगात रग आहे म्हणून नांगराला जुंपला तर खांदा तरी जातो नाही तर माणूस तरी जातो, हे आपल्या बापजाद्यांना कळत होतं. मग पोराच्या बाबतीतच हे शहाणपण कुठे जातं? शिकाऊ पोराच्या हाती घरातलं सगळ्यात ताकदीचं वाहन का देतो?

माझं म्हणणं एवढंच आहे. घरात शिकणारं पोर असेल, तर गाडी त्या पोराच्या हाताला बघून घ्या. घरातला सगळ्यात कच्चा चालक जी गाडी सांभाळू शकेल, आणि त्याच्याकडून चुकलं तर जी गाडी आतल्या माणसांना सांभाळेल, ती घराची गाडी.

आधी वयाचं बोलू

हा भाग बऱ्याच जणांना आवडत नाही, पण टाळता येत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे १८ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय सार्वजनिक ठिकाणी मोटार चालवता येत नाही. सोळाव्या वर्षी फक्त ५० सी.सी.पर्यंतच्या दुचाकीला परवानगी आहे, आणि आपल्या घरच्या शंभर सी.सी.च्या मोटारसायकली त्यात बसत नाहीत. सार्वजनिक ठिकाण म्हणजे डांबरी रस्ताच असं नाही. लोकांना ये-जा करण्याचा हक्क आहे ती पाणंदसुद्धा त्यात येते.

१ सप्टेंबर २०१९ पासून कायद्यात कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. म्हणजे ज्या वयात त्याला गाडीची खरी गरज, तीच वर्षं हातची गेली. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातल्या महागड्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. पुढे पालकांवर काय वेळ आली ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. तो प्रकार शहरातला, श्रीमंत घरातला, म्हणून आपण सुटलो असं समजू नका. कलम सगळ्यांना एकच आहे.

विम्याचंही ध्यानात घ्या. विनापरवाना पोराच्या हातून अपघात झाला, तर कंपनी आपल्या गाडीचं नुकसान देत नाही. समोरच्याची भरपाई कोर्टाने कंपनीला भरायला लावली, तरी ती रक्कम कंपनी मालकाकडून वसूल करू शकते. एका अपघातात एकर-दोन एकर जाऊ शकते.

"पण आमचा पोरगा ट्रॅक्टर चालवतो!"

हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकतो. आणि खरा धोका याच वाक्यात आहे. रानात बारा-तेराव्या वर्षापासून ट्रॅक्टरवर बसलेल्या पोराला वाटतं की आपल्याला मोटार येते. घरच्यांनाही तसंच वाटतं. ट्रॅक्टरमुळे क्लच आणि गिअर कळतात, हे खरं. पण बाकीच्या सवयी मोटारीत उलट्या पडतात.

ट्रॅक्टर जेमतेम ताशी तीसच्या आसपास पळतो. त्याला आपल्या गाडीसारखे स्प्रिंग नसतात, म्हणून वेग वाढला की अंग हादरतं आणि पोर आपोआप हात आखडतं. मोटारीत ताशी ८० ला काचा बंद असल्या तर काहीच जाणवत नाही. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे दोन ब्रेक वेगळे असतात, बांधावर वळवताना एकच दाबायची सवय लागते. ट्रॅक्टरवर नजर सारखी मागे औजाराकडे असते, मोटारीत ती पुढे लांबवर पाहिजे. आणि ट्रॅक्टरवर पट्टा बांधायची सवय कुणालाच नाही.

वेगाचा हिशोबही समजून घ्या. ताशी ३० ने एका सेकंदात आठ मीटर जातो. ताशी ६० ला सतरा, ताशी ८० ला बावीस मीटर. समोर म्हैस आली हे कळून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद जातोच. म्हणजे ८० च्या वेगाला पाय ब्रेकवर पोचायच्या आधीच गाडी बैलगाडीच्या चार-पाच लांब्या पुढे गेलेली असते. त्यापुढे थांबायचं अंतर वेगळं, आणि वेग दुप्पट झाला की ते चौपट होतं. ट्रॅक्टरवर तयार झालेल्या डोळ्याला हा अंदाज नसतो. तो मोटारीतच, हळूहळू, कुणीतरी शेजारी बसून यायला लागतो.

मग गाडी कशी पाहावी?

पहिली गोष्ट उंची. शिकाऊ पोराला उंच गाडी नको. उंच गाडीचा भार वर असतो. घाबरून स्टिअरिंग एकदम फिरवलं की ती कलंडायचा धोका जास्त. आपल्या रस्त्याला डांबर आणि साइडपट्टी यांत चांगला वीतभर उतार असतो. चाक खाली गेलं की कच्चा चालक झटक्यात वर ओढतो, आणि तिथेच घात होतो. मोठी जीपवजा गाडी रानात, चिखलात उपयोगी आहे, मी नाही म्हणत नाही. पण ती जाणत्याच्या हाती शोभते.

दुसरी गोष्ट ताकद. टर्बो डिझेल गाडी थोडी दाबली की एकदम उसळी घेते. बाराशे सी.सी.च्या आसपासचं साधं पेट्रोल इंजिन शिकायला सोसतं. चूक सावरायला ते वेळ देतं. ओव्हरटेक करताना ते थोडं मंद वाटेल, तर वाटू द्या. शिकाऊ पोराने ओव्हरटेकचा नाद न केलेलाच बरा.

तिसरी गोष्ट, फार छोटी आणि फार जुनीही नको. इथे पुष्कळ लोक उलट्या बाजूला चुकतात. "पोराला शिकायला आहे, ठोकलीबिकली तरी चालेल," म्हणून पंधरा-अठरा वर्षं जुना डबा स्वस्तात आणतात. ठोकायचीच तयारी ठेवली असेल, तर ठोकल्यावर आतल्या माणसाचं काय होईल हे नको का पाहायला? जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एन.कॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच लहान गाड्या ताशी ६४ किलोमीटरने ठोकून पाहिल्या. पाचही गाड्या एअरबॅग नसलेल्या होत्या, आणि पाचांनाही शून्य तारे मिळाले. त्यांतली फोक्सवॅगन पोलो दोन एअरबॅगांसह ठोकली तेव्हा मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी तिला चार तारे मिळाले. मात्र पाचांपैकी काहींचा सांगाडाच इतका कच्चा होता की नुसत्या एअरबॅगने काम भागलं नसतं. म्हणजे सांगाडा मजबूत हवा आणि एअरबॅगही हव्यात. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉनने पाच तारे मिळवले, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या सरकारची भारत एन.कॅप ही चाचणीही सुरू आहे. आता विक्रेत्याला विचारायला काही हरकत नाही. "किती तारे, आणि कोणत्या सालचे?" असं स्पष्ट विचारा. चाचणीचे नियम मधल्या काळात कडक झाले आहेत, म्हणून साल महत्त्वाचं.

अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी एक सुरक्षा संस्था दरवर्षी नवशिक्या मुलांसाठी वापरलेल्या गाड्यांची यादी काढते. त्यांच्या यादीत जास्त ताकदीच्या गाड्या नसतात आणि अगदी छोट्याही नसतात. आणि गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून ती सरळ ठेवणारी यंत्रणा, जिला ई.एस.सी. किंवा ई.एस.पी. म्हणतात, ती असावीच लागते. तिथले रस्ते वेगळे, पण पोरांचं वय सगळीकडे सारखंच.

चौथी गोष्ट, जुनी गाडी घेताना बनावटीची तारीख. प्रवासी मोटारींना ए.बी.एस. ब्रेक एप्रिल २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. १ जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग, पट्टा न बांधल्यास वाजणारी सूचना, ताशी ८० च्या पुढे वाजणारी वेगाची सूचना आणि मागे घेताना वाजणारे सेन्सर हे सगळं आलं. पुढच्या प्रवाशाची एअरबॅग २०२१ अखेरपर्यंत सक्तीची झाली. म्हणून सोपा नियम धरा. जुलै २०१९ च्या आधीची नको, जमलं तर २०२२ किंवा त्यानंतरची. बजेट कमी असेल तर मोठ्या गाडीचं जुनं मॉडेल सोडून मधल्या गाडीचं नवं मॉडेल घ्या. ए.बी.एस. आपल्याला का हवा? पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी रानातला काळा चिखल डांबरावर येतो. सुगीत रस्त्यावरच सोयाबीन वाळत पडतं. अशा जागी साधा ब्रेक करकचून दाबला की चाकं जाम होतात आणि गाडी स्टिअरिंगला जुमानत नाही. ए.बी.एस. असला तर ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते.

पाचवी गोष्ट बारीक आहे, पण मला फार मोलाची वाटते. हँडब्रेक दोन सीटच्या मधोमध, हाताने ओढायचा असावा. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. घरच्या गाडीत तो नसतो. शेजारी बसलेल्या बापाच्या हाती एकच गोष्ट असते, तो मधला दांडा. हळू वेगात, मोकळ्या जागेत शिकवताना तो बेताबेताने ओढून गाडी थांबवता येते. नव्या गाड्यांत तिथे नुसतं बटण असतं. शिकवायच्या कामाला दांडाच बरा. मात्र वेगात असताना तो झटक्याने ओढू नये, मागची चाकं घसरतात.

सहावी गोष्ट नजर. पोराला, पोरीला, आईला प्रत्यक्ष सीटवर बसवून पाहा. सीट खालीवर होते का? बॉनेटची कड दिसते का? मागची काच मोठी आहे का? क्लच पूर्ण दाबला जातो का? मी पोरीचं मुद्दाम लिहिलं. गाडी घरची म्हणायची आणि किल्ली फक्त पोराच्या हाती, हे बरोबर नाही. रात्री घरात दुखणं निघालं आणि पुरुषमाणूस मार्केटला गेलेला असला, तर सून किंवा लेक गाडी काढू शकली पाहिजे.

सातवी गोष्ट दिवे. कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या रात्री रस्त्यावर उभ्या असतात, आणि कित्येकींना मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. हेडलाइट पिवळट, मंद झाले असतील तर जुन्या गाडीला आधी ते बदलून घ्या. गाणी वाजवायच्या डब्यावरचा खर्च त्यानंतर.

जुन्या गाडीची तपासणी

किल्ली फिरवली की एअरबॅगचा आणि ए.बी.एस.चा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही किंवा विझलाच नाही, तर काहीतरी गडबड आहे. अपघातात फुटलेली एअरबॅग परत न बसवता नुसतं झाकण लावून विकलेल्या गाड्या बाजारात असतात. पट्टे शेवटपर्यंत ओढून पाहा. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी चांगली दिसली तरी रबर म्हातारं झालेलं असतं.

पुढे लोखंडी गार्ड बसवू नका. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने त्याला मनाई केली आहे. त्याने धडकेचा जोर सरळ सांगाड्यात जातो आणि एअरबॅगच्या कामातही अडथळा येतो. सीटमध्ये एअरबॅग असेल तर जाड सीटकव्हर घालू नका. गाडी नावावर करण्याची कागदपत्रं आणि विम्याचं हस्तांतर चौदा दिवसांच्या आत मार्गी लावा. जुन्या मालकाच्या नावावर विमा ठेवून पोराच्या हाती गाडी देणं म्हणजे विहिरीला कठडा नसताना मोट सोडण्यासारखं आहे.

शिकवायचं कसं?

शिकाऊ परवाना २०२१ पासून आपल्या राज्यात घरबसल्या ऑनलाइन काढता येतो. तो सहा महिने चालतो आणि तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. पण तीस दिवस झाले म्हणजे पोरगा तयार झाला असं नाही. पुढे-मागे पांढऱ्यावर लाल "एल" लावा. शेजारी पक्का परवाना असलेलाच माणूस बसवा, मित्र नव्हे. आधी ड्रायव्हिंग स्कूलला घाला. नियमाप्रमाणे तिथली शिकवणी किमान २१ दिवसांची आणि प्रत्यक्ष चालवणं किमान १० तासांचं असलं पाहिजे. चार फेऱ्या मारून प्रमाणपत्र देणाऱ्याच्या दारात जाऊ नका, पैसे मोजता तर तास मोजून घ्या.

त्यानंतर घरची शिस्त. न्यूझीलंडने १९८७ मध्ये आणि अमेरिकेत फ्लोरिडा राज्याने १९९६ मध्ये कायदाच केला की नवशिक्याला एकदम पूर्ण मोकळीक द्यायची नाही, टप्प्याटप्प्याने द्यायची. रात्री चालवणं आणि बरोबरची पोरं, यांवर अशा कायद्यांचा मुख्य रोख असतो. कारण गाडीत मित्र बसले की नवशिक्याचा पाय जड होतो, हे तिकडेही खरं आणि इकडेही. आपल्याकडे असा कायदा नाही, तर तो घरात करा. परवान्यानंतरचे पहिले सहा महिने अंधार पडल्यावर गाडी नाही. मित्र भरून जत्रेला, लग्नाला, वरातीला नाही. समृद्धी महामार्गावर नाही. मोबाईल डॅशबोर्डच्या कप्प्यात. पुढे-मागे सगळ्यांनी पट्टा. याच कारणाने सात सीटची गाडीही शिकाऊ पोराच्या घरात जपून घ्या. रिकाम्या सीटा भरायला गावात पोरांची कमी नसते.

गावाचंही काम आहे

सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायतीचे अधिकारी हे पान वाचतात, म्हणून त्यांनाही विनंती. गायरानातली किंवा बाजारतळाची जागा आठवड्यातून एक सकाळ शिकणाऱ्यांसाठी मोकळी ठेवता येईल का, ते पाहा. आर.टी.ओ.चा तालुक्याचा कॅम्प कधी आहे, ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. रस्त्याकडेच्या विहिरींना कठडे आणि गावातल्या ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर, हे विषय ग्रामसभेत घ्या. आणि अठरा वर्षांखालचं पोर गाडी हाकताना दिसलं, तर ते पुढाऱ्याचं आहे की पाव्हण्याचं हे न बघता बापाला जाऊन सांगा. बापाला राग येईल, तर येऊ द्या.

बंधूंनो, आपण बियाण्याची पिशवी घेताना चार दुकानं फिरतो, लॉट नंबर बघतो, पावती जपून ठेवतो. एक हंगाम गेला तर पुढचा येतो म्हणून मन घट्ट करतो. पोराच्या बाबतीत पुढचा हंगाम नसतो. तेव्हा यंदा गाडी घ्यायची असेल तर शोरूममध्ये किंवा एजंटकडे जाण्याआधी घरात बसून एका कागदावर लिहा : ही गाडी कोण शिकणार, कोण शिकवणार, आणि चुकलं तर ती आपल्या माणसाला कितपत सांभाळणार. या तीन ओळी लिहून झाल्यावरच रंग ठरवा.